खोरदाद, बहमन आणि माझी वही

रविवार, ८ नोव्हेंबर १९८७. वाशी.

काल हजर असलेले: तुझी लेक नसरीन. मी. आमचे मिस्टर, रजा टाकून. पास्टर साळवे आणि त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेतली अकरा माणसं. आपल्या ओळीतल्या प्रत्येक घरातून एक जण, आणि ज्यांनी पाच वर्षांपूर्वी ‘परदेशी बाई सोसायटीत नको’ म्हणून अर्ज दिला होता त्या घरातून दोघं. वाशीगावची गोमूबाय, मासळीची टोपली ओळखीच्या टपरीवर ठेवून. गैरहजर: तुझा कॅनडातला भाऊ. त्याला तार केली आहे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, “सुमनजान, मेल्यावर पण हजेरी?”

हो परवीन, मेल्यावर पण. शुक्रवारी सकाळी तू गेलीस, काल तुला पोचवलं, आज मी लिहायला बसले आहे. उद्या बसले तर विसरेन, आणि विसरणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे.

पहिल्यांदा कालची गंमत सांगते. पुलापलीकडच्या दफनभूमीत खिडकीमागे एक लिपिक होता. त्याने रजिस्टर उघडलं आणि तुझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. दाखल्याशिवाय जागा नाही म्हणाला. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, सुमन अखेर रडली. मी काय करू? तुझा बाप्तिस्मा इराणात, शिराझला एका डॉक्टरच्या अंगणातल्या हौदात झाला, भोवती चादरी बांधून, कुणी मोठ्याने आमेन म्हणायचं नाही अशी ताकीद देऊन. त्याचा दाखला कुणी लिहिला असता तर तू इथवर पोचलीच नसतीस.

पास्टर खिडकीशी वाकले. “साहेब, दाखला नाही. पण मी पाच वर्षं दर रविवारी हिला बेसूर गाताना ऐकलंय. ही अकरा माणसंही ऐकत आलीत. साक्षीदार म्हणून पुरेत का?”

लिपिकाने अकरा जणांकडे पाहिलं. अकराही जणांनी मान डोलावली. गोमूबायने पण डोलावली, ती कधी प्रार्थनेला आली नव्हती तरी. त्याने नाव लिहून घेतलं. देश सोडून, डोंगर ओलांडून, पाच वर्षं कचेऱ्यांत जे सिद्ध करता करता तुझी दमछाक झाली ते शेवटी तुझ्या बेसूर गाण्याने दोन मिनिटांत सिद्ध केलं.

तू आलीस तो दिवस माझ्या वहीत आहे. ऐंशीच्या दशकातलं हे वाशी म्हणजे बैठ्या घरांच्या ओळी, मध्ये गवत, आणि पुलावरून मुंबईला जाणारी बस. तू शेजारची एक खोली भाड्याने घेतलीस. सामान: दोन पिशव्या, एक शिलाई मशीन पास्टरांनी दिलेलं, आणि चौदा वर्षांची एक मुलगी जी कुणाशी बोलत नव्हती. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून नियम सांगायला आले. पाण्याची वेळ, कचऱ्याची जागा, नळाला पाइप लावायचा नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मला चहा दिलास. काळा, बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात. साखरेचा खडा वेगळा. तो दातात धरून चहा प्यायचा म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी तुला आमचा चहा दिला. तू एक घोट घेऊन विचारलंस, “हे सूप कशाचं आहे?”

त्या चहावरचा वाद पाच वर्षं चालला. निकाल लागलेला नाही. माझं मत बदललेलं नाही.

तुला मराठी उलटी आली. आधी कचेरीची, मग घरातली. अर्ज, तारीख, मुदत, हजर हे शब्द तुझ्या फारसीतही होतेच, त्यामुळे पहिल्याच महिन्यात तू नळावर भांडताना म्हणालीस, “माझी मुदत संपली नाही, तू हजर नव्हतीस!” बायका हसून लोटपोट. पण पाणी तुलाच मिळालं. पहिला ब्लाउज शिवलास तो देशपांडेकाकूंचा. गळा कानापर्यंत. काकू म्हणाल्या, “अगं, मी काय शाळेत जाणारे का?” तू तो उसवलास, पुन्हा शिवलास, आणि वर्षाच्या आत सेक्टरमधल्या निम्म्या बायका तुझ्याकडून शिवून घ्यायला लागल्या. नोकरी करायची परवानगी नव्हती. शिवण म्हणजे नोकरी नाही, शेजारधर्म आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

दर काही महिन्यांनी परदेशी लोकांच्या नोंदणीला जायचं असायचं. तुझी मुदत वाढवून आणणं हे माझ्या कामांत होतं, कारण रांगेत उभं राहायला लागतं आणि रांगेत मी चांगली उभी राहते. एकदा तिथल्या माणसाने तुझा देश पाहिला आणि धर्माच्या रकान्यात न विचारता ‘मुस्लिम’ लिहिलं. तू काउंटरवर हात आपटलास.

“नाय! खोडा!”

“बाई, इराणी म्हणजे तेच ना?”

“खोडा. एक शब्द. ह्या एक शब्दासाठी मी घर दिलं, नवरा दिला. फुकट चुकीचा लिहू नको.”

 त्याने खोडलं, वर नीट लिहिलं, आणि बाजूला सही केली. बाहेर आल्यावर आपण दोघी पायरीवर बसून ऊस चोखला. तू म्हणालीस, मी लई ओरडले का? मी म्हटलं, अजून जरा चाललं असतं.

तुझा नवरा बहराम औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याला दुकानातूनच नेलं. नेणाऱ्यांनी तुला सांगितलं, दोन प्रश्न विचारून सोडतो. त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. तू शिकवत होतीस त्या शाळेतून तुला काढलं, मग नसरीनलाही तिच्या शाळेतून. तिला वर्गात उभं करून आईबापांचा धर्म विचारला होता. मग एका रात्रीत निघालात. हे सगळं तू मला एकदम सांगितलं नाहीस. काजं करता करता, एकेका बटणाला एकेक वाक्य, असं सांगितलंस. मी तेव्हा काही लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात दिल्लीचा फॉर्म आला. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरच भावाकडे कॅनडाला जाता येणार होतं. नाही मिळाली तर मुदत वाढवत राहायचं, आणि एक दिवस ती वाढणार नाही, मग परत. परत म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत होतं. फॉर्म इंग्रजीत, बारा पानी. तू म्हणालीस, पास्टर भरतील. मी म्हटलं, पास्टरांचं अक्षर बघितलंस का? मी कांदा-बटाटा मार्केटच्या ऑफिसात रोज शंभर गाड्यांची नोंद करते, एक चूक नाही. मी भरते.

आपण तीन रविवार बसलो. पहिल्या रविवारी भांडलो. ‘तक्रार कोणी केली’ असा रकाना होता. तुला नाव माहीत होतं. समोरच्या घरातला माणूस, ज्याच्या मुलांना तू शिकवलं होतंस. तू सांगेनास.

“रकाना रिकामा ठेवता येत नाही,” मी म्हटलं.

“येतो. बघ, ठेवला.”

“परवीन, त्याने तुझ्या नवऱ्याला नेलं.”

“नेणारे वेगळे. हा घाबरला होता. त्याला तीन पोरं आहेत. नाव कागदावर गेलं की कागद कुठे जातो, तुला माहीत नाही, सुमनजान. मला माहीत आहे.”

मी रागाने फॉर्म मिटला. मला वाटतं माणसाने नाव घ्यावं. आमच्या गावात, मराठवाड्यात, छप्पन सालच्या दीक्षेनंतर बाबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा ज्यांनी विहीर बंद केली त्यांची नावं आई मरेपर्यंत मोजून सांगायची. तू ते ऐकून विचारलंस, “बाबांना कुणी विचारलं का, धर्म का बदललास?” मी म्हटलं, सगळ्यांनी विचारलं, पण बारा पानी फॉर्म नव्हता. तू हसलीस. रकाना रिकामाच राहिला. हा वाद आपला राहून गेला. मी अजून माझ्या बाजूला आहे, पण पूर्वीइतकी ठाम नाही, आणि हे तुला ऐकायला आवडलं असतं म्हणून लिहिते.

तारखा तू तुझ्या सनात सांगितल्यास. बाप्तिस्मा खोरदाद महिना, १३५९. बहरामला नेलं तो बहमन महिना, १३५९. मी विचारलं, खोरदाद म्हणजे आपला कोणता? साधारण जून. बहमन? साधारण फेब्रुवारी. आणि तुझ्या सनात सहाशे एकवीस मिळवले की आपला सन येतो हे पास्टरांनी सांगितलेलं होतं. मी वहीत बेरीज केली, पुन्हा ताडून पाहिली, आणि फॉर्मवर सुवाच्य लिहिलं: बाप्तिस्मा जून १९८०, अटक फेब्रुवारी १९८०.

आता हे कुणीही वाचलं तर थांबेल. मी थांबले नाही. वेगवेगळ्या पानांवरचे रकाने होते, आणि मी रकाने भरत होते, तुझी गोष्ट वाचत नव्हते.

दिल्लीच्या मुलाखतीत तू दुभाष्याला तुझ्या भाषेत सगळं बरोबर सांगितलंस. जानेवारीत नकार आला. मी पत्र वाचून दाखवलं. अर्जदार म्हणते धर्म बदलल्यामुळे पतीला अटक झाली, परंतु अर्जानुसार अटक धर्मांतराच्या चार महिने आधीची आहे, आणि मुलाखतीतली तारीख अर्जाशी जुळत नाही. सबब विश्वासार्ह नाही. तू विचारलंस, “म्हणजे मी खोटं बोलते?” मी फॉर्मची प्रत आणि वही शेजारी ठेवली. दोन्ही जुळत होतं. वहीत बरोबर म्हणजे बरोबर. मी म्हटलं, दुभाष्याने घोळ घातला. आणि त्या दुभाष्याविरुद्ध दिल्लीला दोन पानी तक्रार लिहिली. ठणठणीत तक्रार.

तू आठ दिवस मशीनवर बसली नाहीस. नसरीन शाळेतून येऊन भात टाकायची.

मग मार्च. आदल्या वर्षी तुझं मन नव्हतं, पण त्या वर्षी नसरीनने हट्ट धरला की नवरोज करायचा. तुझ्या दारात ताटलीत गहू उगवलेले पाहून मला नवरात्रातला गावचा घट आठवला. टेबलावर सात वस्तू मांडायच्या, सगळ्या तुमच्या स अक्षराच्या. मी यादी केली, अर्थात. लसूण मिळाला, सफरचंद मिळालं, व्हिनेगर मिळालं, नाणं होतं, गव्हाचे अंकुर होते. दोन वस्तू वाशीत काय, मुंबईतही मिळेनात. त्यात गोमूबाय दाराशी टोपली उतरवत होती.

“स पायजे ना गो?” तिने पुडी काढली. “ही घे सुकट.”

नसरीनला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. सुकट टेबलावर गेली, सफरचंदाशेजारी. बायबल मधोमध. मी सातवं म्हणून साबण सुचवला, तो तू नाकारलास आणि साखर ठेवलीस.

“पण आज कशाला हे सगळं?” मी विचारलं. “नक्की काय आहे आज?”

“आज वर्ष बदललं. आजपासून १३६३.”

“आज? मार्चमध्ये?”

“मग काय एक जानेवारीला?”

गोमूबाय कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. “आमचा पन पारवा दहा-बारा दिसांवं आलाय. वरीस चैतान सुरू होतं, यवरं पन ठावं नाय तुला? ऑफिसान काय करतंस गो?”

मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, वापरात नव्हतं. आमच्या घरी पाडवा नाही, पंचांग नाही, बाबांनी ते सगळं देवांबरोबरच सोडलं. आमचं वर्ष म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, एक जानेवारी. आणि तुझं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, तर जून आधी येतो आणि फेब्रुवारी शेवटी येतो, आणि शेवटी येणारा फेब्रुवारी आमच्या पुढच्या सनात पडतो. बहराम गेला तो फेब्रुवारी १९८१. बाप्तिस्म्यानंतर आठ महिन्यांनी. तू खरं बोलत होतीस. दुभाषी बरोबर होता. चूक माझ्या वहीत होती.

 तू माझ्याकडे पाहिलंस, आणि साखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवलास. “खा. नवीन वर्षी तोंड गोड.”

त्याच आठवड्यात मी दुसरं पत्र लिहिलं. दुभाष्याविरुद्धची तक्रार मागे घेतली, त्याची माफी मागितली. खाली लिहिलं की अर्जदाराने तारखा बरोबर सांगितल्या होत्या, सन काढताना अर्ज भरून देणाऱ्या शेजारणीने चूक केली, आणि खाली माझं नाव. तू विचारलंस, काय लिहिलंस? मी म्हटलं, तारखा नीट केल्या. तू सही केलीस. तुझ्या लफ्फेदार, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या सहीखाली माझी सरळ सही. इंग्रजी तुला वाचता येत नव्हतं. त्या पत्रात मी खरं लिहिलं, जगातल्या एका कचेरीला सांगितलं, आणि तुला नाही सांगितलं.

सांगता आलं असतं. किती वेळा! पुन्हा मुलाखतीची तारीख मिळायला सव्वा वर्ष लागलं, त्यात रोज सांगता आलं असतं. दिल्लीच्या गाडीत आपण दोघी होतो, तू मला पराठ्यात पुदिना घालून दिलास, तेव्हा सांगता आलं असतं. मान्यता आल्याचं पत्र मी ओळीत सगळ्यांना वाचून दाखवलं, पेढे वाटले, तू मला घट्ट धरून म्हणालीस, “तुझ्यामुळे, सुमनजान,” तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. मी पेढा तोंडात घातला.

तुला कळलं होतं का? पुढच्या प्रत्येक नवरोजला तू भिंतीवरून हाक मारायचीस, “सुमनजान, आज वर्ष बदललं, वहीत लिही!” मी लिहायची. तू थट्टा करत होतीस की नुसतं सांगत होतीस, मला ओळखता आलं नाही. तू कुणाचं नाव कागदावर येऊ न देणारी बाई. माझंही ठेवलं असशील बाहेर.

मान्यतेनंतर कॅनडाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी छातीवर नळी जरा जास्त वेळ ठेवली. हृदयाची झडप. पुन्हा तपासण्या, पुन्हा कागद. अखेर कॅनडाला निघायची डिसेंबरची तारीख आली. तू गरम कोट शिवायला घेतलास, स्वतःच्या मापाचा आणि नसरीनच्या मापाचा. तिचा पूर्ण झाला. ते सव्वा वर्ष मी मध्ये घातलं नसतं तर कदाचित आज तू भावाच्या दारातलं बर्फ काढत असतीस, कदाचित तिथे कुणी ती झडप दुरुस्त केली असती. कदाचित हा शब्द मी वहीत कधी लिहीत नाही. इथे लिहिला.

पण हेही लिहिते, की तू इथे पाच वर्षं नुसती वाट बघत बसली नाहीस. हे मी काल खड्ड्याच्या कडेला उभ्या माणसांकडे बघून मोजलं. त्यातल्या नऊ बायकांच्या अंगावर तू शिवलेले ब्लाउज होते. गोमूबायने जाताना माती टाकली आणि म्हणाली, “लय बेस बाय होती. सुकट निस्ती वास घेऊन खायची.” पास्टरांनी तुझं आवडतं भजन म्हटलं आणि सगळे तुझ्यासारखंच बेसूर गायले, कारण पाच वर्षांत सगळ्यांना तीच चाल पाठ झाली आहे. माझ्या घरी आता दोन प्रकारचा चहा होतो. आमचे मिस्टर काळा पितात, खडा दातात धरून. हे तुझं काम.

आता पुढचं. नसरीन एकोणीस वर्षांची आहे, पण फाइलवर ती ‘सोबतची मुलगी’ आहे. तू नसलीस तर फाइल कुणाची, हा प्रश्न आहे. पास्टरांनी दिल्लीला फोन करून विचारलं. डिसेंबरची तारीख टिकवायची असेल तर या आठवड्यात तिच्या नावाने अर्ज जायला हवा: तुझ्या मृत्यूचा दाखला, तिचं स्वतःचं निवेदन, आणि आधीच्या सगळ्या पत्रव्यवहाराच्या प्रती, कारण फाइलमध्ये अटकेच्या दोन तारखा आहेत आणि दुसरी कशी आली ते दाखवावं लागेल. दाखल्याचा अर्ज काल दिला. फोटो काढले. निवेदन ती स्वतः लिहिणार आहे, मी हात लावणार नाही. तसं मी तिला सांगितलं आहे आणि तिने “बरं, मावशी” म्हटलं आहे.

प्रतीही काढल्या. माझं ते दुरुस्तीचं पत्र त्यात तिसरं आहे. नसरीन इंग्रजी चांगलं वाचते, माझ्यापेक्षा चांगलं. उद्या सकाळी नऊला ती कागद लावायला येणार आहे. पत्र तिच्या हातात जायच्या आधी तिला समोर बसवून, माझ्या तोंडाने सांगायचं आहे. बाकी सगळ्या कामांवर खूण झाली. हे राहिलं आहे.